मुलांना झाड बघायला कसं शिकवायचं? (बडोदा)

शाईपेन

नमस्कार मंडळी. लग्न होऊन पुण्याहून बडोद्याला आले, चित्रकलेची पदवी आहे, नोकरी करायची नव्हती. म्हणून दर रविवारी सकाळी आमच्या राजमहाल रोडच्या वाड्यात, खालच्या खोलीत, मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. आठ ते तेरा वयाची मुलं आहेत. बरीचशी मराठी घरांतली, काही गुजराती.

अडचण अशी की झाड काढा म्हटलं की सगळ्यांचं झाड एकच. खाली दोन उभ्या रेघा, वर हिरवा ढग, ढगात लाल ठिपके. कुठलं झाड म्हणून विचारलं तर उत्तर येतं, "सफरचंदाचं." अरे बाबांनो, बडोद्यात सफरचंदाचं झाड पाहिलंय का कुणी? मोबाइलवर "हाउ टू ड्रॉ" बघून हात तसाच वळलाय. मी फळ्यावर कडुनिंब काढून दाखवला, तर सगळ्यांनी माझा कडुनिंब उतरवला. म्हणजे मोबाइलच्या जागी मी आले, एवढंच.

त्यांना बाहेर न्यायचं मनात आहे. कमाटीबाग जवळ आहे. पण तिथे गेल्यावर करायचं काय, हे नीट सुचत नाही. "बघा आणि काढा" म्हटलं की पाच मिनिटांत ढग तयार. शिवाय ऊन, गर्दी, नदीकाठच्या मगरी, आणि "आज चित्र पूर्ण का नाही झालं?" म्हणणारे पालक. बडोद्यात कुणी हे केलंय का? कुठे, कधी, कसं?

---

विश्वामित्री_काठ

मी चित्रकार नाही, बँकेत आहे. सकाळी पक्षी बघत फिरतो, त्यामुळे कुठे आणि कधी एवढंच सांगू शकतो.

कमाटीबाग उत्तम. 1879 साली सयाजीरावांनी केलेली बाग, त्यामुळे जुनी झाडं भरपूर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सकाळी सात ते नऊ न्या, मार्चपासून साडेआठला गुंडाळा. फुलांच्या घड्याळापाशी आणि टॉयट्रेनपाशी बसवू नका, तिथे मुलांचं लक्ष जाग्यावर राहणं शक्य नाही.

झाडांचं वेळापत्रक पाठ करून ठेवा, ते फार उपयोगी पडेल. काटेसावर जानेवारीच्या शेवटाला फुलायला लागते, तेव्हा तिच्यावर पान नसतं. फांद्यांचा सांगाडा शिकवायचा तर तेव्हाच. पळस फेब्रुवारी-मार्च. पिंपळाची पानं साधारण त्याच सुमारास गळतात आणि नवी पालवी तांबूस येते, पंधरवड्यात हिरवी. बहावा एप्रिल-मे. सप्तपर्णी पावसाळा संपल्यावर, वासावरूनच सापडेल. मुलांना "हिरवा" हा एकच रंग माहीत असेल तर पिंपळाची पालवी दाखवा.

मगरींचं गांभीर्यानं घ्या. विश्वामित्री नदीत त्या शहराच्या मध्यातच राहतात आणि 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात वस्त्यांत, रस्त्यांवर आल्या होत्या हे सगळ्यांना आठवत असेल. मुलांना काठावर उतरवायचं नाही म्हणजे नाही. पण काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या पुलावरून थंडीच्या दिवसांत सकाळी उन्हाला पडलेली मगर दिसते. दुर्बीण असेल तर आणा. जबडा उघडा टाकून निपचित पडलेली असते. ती कुणावर धावून जायच्या बेतात नसते, अंगातली उष्णता बाहेर सोडत असते. असं अर्धा अर्धा तास न हलणारं मॉडेल तुमच्या कॉलेजातही मिळालं नसेल.

---

ड्रॉइंगबाई

शाईपेन, तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना? तुझ्या वयाच्या कितीतरी पोरी माझ्या हाताखालून गेल्यात. आयुष्यभर शाळेत ड्रॉइंग शिकवलं, आता निवृत्त आहे, आणि निवृत्त बाईला कुणी प्रश्न विचारला की ती लवकर थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

वर काकांनी कमाटीबाग सांगितली. माझं म्हणणं, सुरुवात तिथे नको. बाग माळ्यानं राखलेली असते. झाडाच्या अवतीभवती मोकळी जागा, खाली हिरवळ, बसायला बाक. मुलाला तिथे झाड आधीच चित्रासारखं दिसतं, मग ते डोक्यातलंच चित्र काढतं. शहरातलं झाड असं राहत नाही. त्याच्या बुंध्याला सिमेंट लावलेलं असतं, खिळ्यानं क्लासची पाटी ठोकलेली असते, फांदीतून केबल गेलेली असते. माझी युक्ती ऐक. मुलांना झाड काढायला सांगूच नकोस. झाडाला जे अडवतं, जे त्याला चिकटलंय, गुंडाळलंय, तेवढंच काढायला सांग.

तुझ्याच वाड्यापासून सुरू कर. दांडिया बाजार, रावपुरा, कुठल्याही जुन्या वाड्याच्या मागच्या बाजूला जाऊन मान वर कर, पन्हळीच्या आसपास पिंपळ दिसेलच. पक्ष्यानं फळ खाल्लं, बी विष्ठेतून फटीत पडलं, की झालं. आता त्याचं मूळ बघ. मातीतलं मूळ वाट्टेल तसं वळतं, पण भिंतीतल्या मुळाला तेवढी मुभा नाही. वीट टणक, सांध्यातला चुना मऊ, म्हणून ते सांध्यातूनच जातं. वीटभर आडवं, मग काटकोनात खाली, परत आडवं. गिलावा सुटलेल्या जागी ते बाहेर येतं आणि चपटं होऊन भिंतीला चिकटून पसरतं, पुढे फट सापडली की पुन्हा आत. मुलांना सांगायचं, भिंत काढायची नाही, विटा काढायच्या नाहीत, पानं तर मुळीच नाहीत. फक्त मूळ. जिथे दिसेनासं होतं तिथे पेन्सिल उचला, जिथे परत दिसतं तिथे टेकवा. काढून झालं की कागद लांब धरून बघायला लाव. न काढलेल्या विटा दिसायला लागतात. माझ्या वर्गातला एक मुलगा हे बघून ओरडला होता, "बाई, मी भिंत काढलीच नाही!" त्याला आपण काहीतरी चोरून आणल्यासारखं वाटत होतं.

दुसरं, वटपौर्णिमा. बडोद्यात वडाला तोटा नाही आणि सूत गुंडाळणाऱ्या बायकांनाही नाही, आपल्याही आणि गुजरातीही. दुपारपर्यंत बुंध्याभोवती पांढऱ्या सुताचे इतके फेरे होतात की खोड झाकून जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना तिथे ने. पूजेच्या दिवशी मध्ये मध्ये करायचं नाही. आणि म्हण, खोड काढू नका, सूत काढा. एकेक फेरा, डावीकडून उजवीकडे.

इथे तुझी खरी शिकवणी आहे. बुंधा जिथे पोट काढून पुढे आलाय तिथे सूत त्याच्यावरून वळतं. पण वडाच्या पारंब्या खोडाला मिळून एकजीव झाल्या की दोहोंच्या मध्ये उभी खाच राहते. त्या खाचेत सूत आत शिरत नाही, ते ताणलेलं असतं, एका उंचवट्यावरून दुसऱ्या उंचवट्यावर सरळ जातं. मुलं हमखास तिथे रेघ आत वळवतात, कारण "झाड तिथे आत जातं" हे त्यांना माहीत असतं. सांगायचं नाही काही. फक्त म्हणायचं, जा, सुताच्या मागे बोट घालून बघ. बोट आत जातं. परत येऊन मूल ती रेघ खोडतं आणि सरळ ओढतं. बघणं म्हणजे काय यावर मी वर्गात जितकी बडबड केली असेल, तिचा एवढा उपयोग कधी झाला नाही.

पंधरा-वीस फेरे झाले की कागदावर गोल, खाचाखोचांचा बुंधा उभा राहतो, आणि त्याची कडेची रेघ मात्र कुणीही काढलेली नसते. कॉलेजात यालाच तुम्ही काहीतरी जड नाव दिलेलं असेल. मुलांना नाव सांगायची गरज नाही. पाऊस वेळेवर आला तर आठवड्यानं परत ने. सूत भिजून सैल पडलेलं असतं, मधूनच लोंबतं, हळदकुंकवाचे ओघळ खाली आलेले असतात. मग दुसरं चित्र.

उत्तरायणानंतरचं, म्हणजे संक्रांतीनंतरचं सांगायचं राहिलं. जानेवारीच्या मध्याला गावात एक झाड असं नसतं की ज्यावर पतंग नाही. फांद्यांच्या टोकांना अडकलेले पतंग तेवढे काढा, लहान-मोठे, जसे दिसतील तसे. झाडाचा घेर किती, कुठे खोल, कुठे बाहेर आलेला, ते पतंगच सांगतात. फक्त मांजाला हात लावायचा नाही, ओढायचा तर मुळीच नाही. काचेनं कापतं आणि वर एखादं पाखरू अडकलेलं असलं तर त्याचे हाल होतात. अडकलेलं दिसलं तर पक्षी वाचवणाऱ्या मंडळींना फोन करायचा, त्या दिवसांत त्यांची माणसं गावभर असतात.

बाकी व्यवहार. सोसायटीच्या वॉचमनला आधी भेट, नाहीतर ऐन वेळी "बेन, अहीं शुं करो छो?" होतं. बसायला जुनी वर्तमानपत्रं. रबर घरी ठेवायला लाव. खोडायचं असेल तर काट मारा आणि बाजूला परत काढा, म्हणजे मागची रेघही दिसते.

---

कारेलीबागवाला

मी पालक आहे, त्यामुळे जरा दुसऱ्या बाजूनं. माझी मुलगी अशाच एका वर्गाला जाते (तुमच्या नव्हे). एक दिवस तास संपवून आली तर कागदावर पाच-सहा वाकड्या रेघा. विचारलं तर म्हणे, "केबल आहे." आजी-आजोबांना दाखवायला काय दाखवू? फी देतो, पेट्रोल जाळून सोडायला-आणायला जातो. समोरच्या घरातली मुलगी दुसऱ्या क्लासला जाऊन मोराचं छान रंगवलेलं चित्र घेऊन येते, ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. बाईंचं सगळं पटतं वाचायला, पण मूल शाळेतल्या स्पर्धेला बसतं तेव्हा तिथे केबल चालत नाही हो. तिथे "पावसाळ्यातील दृश्य" असतं, दोन तास, रंगांसकट.

---

ड्रॉइंगबाई

कारेलीबागवाला, तुमचं चूक नाही. माझ्याकडेही असे पालक यायचे आणि मी त्यांच्याशी भांडायची. आता भांडत नाही.

पण तो मोर कुणी काढला, हे एकदा विचारून बघा. बऱ्याच वर्गांत बाईच आउटलाइन काढून देतात, मूल रंग भरतं. फ्रेम बाईंच्या मोराची असते. तुमच्या मुलीची केबल तिची स्वतःची आहे. एक करा, त्या कागदाच्या मागे तारीख आणि जागा लिहा आणि फाइलला लावा. वर्षाखेरीस फाइल आजोबांना पहिल्या पानापासून दाखवा. नातीचा हात कसा बदलत गेला ते आजोबांना कळतं, आणि तुम्हालाही.

स्पर्धेचं म्हणाल तर "पावसाळ्यातील दृश्य"मध्ये शंभर मुलं छत्री, ढग आणि कागदाची होडी काढतात. परीक्षक कंटाळलेले असतात. मी स्वतः परीक्षक म्हणून बसलेय, म्हणून सांगते. त्यात कुणी ओलं, सैल पडलेलं वडाचं सूत काढलं तर हात तिथे थांबतो. बक्षीस मिळेलच असं नाही, परीक्षक तीन असतात आणि बाकी दोघांना होडीच आवडते.

शाईपेन, पालकांसाठी तुला एक सोपी तोड देते. महिन्यातले तीन रविवार बाहेर, चौथा खोलीत. चौथ्याला तीन रविवारच्या कागदांवरून एक मोठं, रंगीत, पूर्ण चित्र. ते घरी जाईल. होळीच्या आधीच्या महिन्यात रंगही मुलांकडून करून घे. केसूडा, म्हणजे पळसाची फुलं, बाजारात ढिगानं मिळतो. फुलं उकळली की पिवळट नारिंगी पाणी होतं. तुरटी घातली तर पिवळ्याकडे जातं, चिमूटभर खायचा चुना घातला तर तांबडं व्हायला लागतं. तीन वाट्यांत तीन रंग, आणि मुलं वेडी होतात. उन्हात टिकत नाही, उडून जातो, तेवढं पालकांना आधी सांग. नाहीतर फ्रेम केल्यावर बोंब.

---

सराफ्यातला_इंदूरी

बडोदेकरांच्या धाग्यात इंदूरची लुडबूड, माफ करा. पण बाईंचं वाचून राहवलं नाही. बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजचा पेंटिंग विभाग ज्यांनी उभा केला ते नारायण श्रीधर बेंद्रे आमच्या इंदूरचे. 1910 चा जन्म, इथे देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकले, 1950 ला बडोद्याला आले आणि 1966 पर्यंत तिथे होते. हुसेनसुद्धा त्याच देवळालीकरांच्या इंदूरचे. त्या पिढीची ओळखच मुळी गावात, घाटावर, रस्त्यावर बसून केलेल्या निसर्गचित्रांची. तेव्हा मुलांना खोलीबाहेर काढणं हे बडोद्याला इंदूरकडून मिळालेलं आहे असं मी ठणकावून सांगणार होतो, पण बाई अंगावर येतील म्हणून नम्रपणे सांगतो.

कामाची गोष्ट: कोळसा विकत आणू नका. तुराट्या किंवा कुठल्याही झाडाच्या पेन्सिलीएवढ्या सरळ, वाळक्या काड्या, साल काढून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गच्च भरा. झाकणाला खिळ्यानं एक भोक. डबा शेगडीवर ठेवा, भोकातून धूर येत राहील. धूर थांबला की उतरवा. आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. घाई केली तर हवा लागून आत पेट घेतं आणि सगळी राख. हे घरातल्या मोठ्यांनी गच्चीवर करायचं काम आहे, मुलांनी लांबून बघायचं. पण ज्या झाडाच्या काडीचा कोळसा, त्याच झाडाचं चित्र काढलं की मुलांना फार मजा वाटते.

---

ड्रॉइंगबाई

इंदूरी, अंगावर येत नाही, पण अर्धंच श्रेय देते. उरलेलं अर्धं शांतिनिकेतनचं. कीर्ती मंदिरातली, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकातली, भित्तिचित्रं शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी 1939 ते 1946 मध्ये केली, फाइन आर्ट्स सुरू व्हायच्याही आधी. आणि पुढे 1951 ला त्यांच्याच शाळेत घडलेले के. जी. सुब्रमण्यन बडोद्यात शिकवायला आले. त्यांना इथे सगळे मणिदा म्हणत. फाइन आर्ट्सच्या मेळ्यात ते आणि विद्यार्थी टाकाऊ वस्तूंची खेळणी करून विकायचे, ती घ्यायला गावातली आमच्यासारखी साधी माणसं रांग लावायची. इतका मोठा चित्रकार लाकडाच्या तुकड्याला मणी आणि चामडं लावून प्राणी करतोय, हे बघून माझ्यासारख्या शाळामास्तरणीला फार धीर आला होता. ड्रॉइंगच्या तासाला शाळेत कोण विचारतं? गणिताच्या बाई मागून घ्यायच्या तो तास.

शाईपेन, भर पावसात बाहेर जाता आलं नाही तर मुलांना कीर्ती मंदिरात ने, आत सोडतात का ते आधी विचारून घे. गंगावतरणाच्या भिंतीसमोर बसव आणि पाणी कुठल्या कुठल्या रेघांनी काढलंय तेवढं बघायला सांग. किंवा कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये, देवमाशाच्या सांगाड्याखाली. 70 फुटांहून लांब आहे, एका कागदावर मावत नाही. कागद जोडत न्यावे लागतात, मुलं आपणहून जोडतात.

---

शाईपेन

बाई, अगं-तुगं चालेलच, उलट बरं वाटलं. तुम्ही लिहिलंत त्याच दिवशी संध्याकाळी मागच्या बोळात जाऊन आले. आमच्याच वाड्याच्या भिंतीत पिंपळ आहे आणि मला इतक्या महिन्यांत दिसला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, तो काढायला माणूस बोलावलाय, भिंत फोडतोय म्हणून. मी म्हटलं, दोन रविवार थांबा. त्या थांबल्यात, पण नाखुशीनं.

या रविवारी मुळाचा प्रयोग केला. मोठ्या मुलांचं जमलं. लहान दोघांनी मूळ काढलं आणि मग सवयीनं वर हिरवा ढग काढला, लाल ठिपक्यांसकट. विटांतून सफरचंदाचं झाड. त्यांना काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का? आणि दुसरं, पिंपळ कापल्यावर मुलांना तो बुंधा दाखवावा की नको? एक मुलगी "आपला पिंपळ" म्हणायला लागलीय.

---

विश्वामित्री_काठ

मध्येच बोलतो. पिंपळ वरून कापला तर भिंतीतलं मूळ जिवंत राहतं आणि पावसाळ्यात परत फुटतो. सासूबाईंना हे आत्ताच सांगून ठेवा. भिंत वाचवायची असेल तर मुळासकट काढावा लागतो, तो लहान असतानाच, आणि त्यासाठी गवंड्याकडून सांधे उकरून घ्यावे लागतात. रोप अखंड निघालं तर कुंडीत लागतं, पिंपळ चिवट आहे. पुढे नदीपलीकडे मोकळी जागा बघून लावता येईल.

---

ड्रॉइंगबाई

ढगाला काही बोलू नकोस. पुढच्या वेळी त्या दोघांना कागदाची उभी अर्धी पट्टी दे, म्हणजे वर ढगाला जागाच राहणार नाही. बाकीच्यांना नेहमीचा कागद.

आणि दाखव की. गवंडी येईल तेव्हा मुलांना बोलाव, रविवारीच बोलाव त्याला, पैसे थोडे जास्त मागेल. सांधे उकरले की इतके दिवस आत लपलेलं मूळ सबंध बाहेर येईल, काटकोनांसकट. पेन्सिल जिथे जिथे उचलली होती तिथे आत काय चाललं होतं ते जुन्या कागदावर दुसऱ्या रंगानं भरायला लाव. "आपला पिंपळ"वालीला कुंडी दे. सासूबाईंना म्हणावं मी विचारलंय, त्या दांडिया बाजारातल्या असतील तर ओळख निघेल.